परत गेलेल्यांची वही

चांगुणा ओव्हाळ आंबेटाकच्या सरकारी दवाखान्यात आया म्हणून लागली ती १९७८ च्या उन्हाळ्यात. तेव्हा ती एकतीस वर्षांची होती, दोन मुलींची आई होती, आणि तिचं हसणं बाहेर रस्त्यापर्यंत ऐकू जायचं. पहिल्याच आठवड्यात कंपाउंडर जयवंतरावांनी तिला सांगितलं, "चांगुणाबाई, हा दवाखाना आहे. जरा बेतानं हसा." तिनं मान डोलावली आणि पुन्हा हसली.

आंबेटाक म्हणजे मुळशी धरणाच्या पाण्याला लागून असलेलं गाव. पौडवरून दिवसातून दोन यष्ट्या यायच्या. दवाखान्याच्या चार कौलारू खोल्या, पुढं पडवी, पडवीत दोन बाकडी आणि भिंतीत एक औषधाची खिडकी. पाण्याच्या पलीकडं डोंगराच्या अंगाला सात-आठ वाड्या होत्या. तिथली माणसं कोंडाजी मरगळेच्या होडीतून अलीकडं यायची. दवाखान्याला निघालेल्या माणसाकडून कोंडाजी होडीचं भाडं घेत नसे. "बरा होऊन मागारी येताना बघू," असं म्हणायचा, आणि येतानाही विसरायचा.

चांगुणाचं काम ठरलेलं. झाडलोट करायची, पाणी भरायचं, इंजेक्शनच्या सुया उकळायच्या, नंबर पुकारायचे. ती बौद्धवाडीतली, सातवी पास. तिचा नवरा ज्ञानदेव रस्त्यावर मैलकुली होता. दिवसभर खड्डे भरायचे, गटारं उपसायची आणि संध्याकाळी कंबर धरून घरी यायचं. घरातच एक दुखणेकरी असल्यामुळं पडवीत बसलेल्या माणसाला किती दुखतंय हे तिला त्याच्या बसण्यावरून कळायचं. ज्याला खरंच सोसवत नाही तो बाकड्याच्या कडेला, अर्धवट टेकून बसतो, असं ती सांगायची.

सगळेच तिच्याशी सरळ वागत होते असं नाही. गावचे हैबतराव मोठे बागायतदार. ते गोळी हातात घ्यायचे, पण चांगुणानं पुढं केलेला पाण्याचा पेला घ्यायचे नाहीत. गोळी मुठीत धरून घरी जायचे. पुढं त्यांना मुतखड्याची कळ आली आणि ते पडवीतच गडाबडा लोळायला लागले. त्या दिवशी एका दमात तीन पेले पाणी प्याले. चौथा पेला भरताना चांगुणानं विचारलं, "आनखी देऊ का घरी जाऊन पिताय?" हैबतराव त्या अवस्थेतही ओशाळले. त्यानंतर तो प्रश्न कधी आला नाही.

आमच्याकडं भाताची लावणी संपली की दवाखान्यात कमरांची गर्दी होते. पंधरा-पंधरा दिवस चिखलात ओणवं राहिलेली माणसं एकदमच ताठ व्हायला बघतात आणि होता येत नाही. चांगुणाच्या पहिल्याच वर्षी त्या गर्दीत पलीकडच्या वरच्या वाडीतली गोजराबाई आली. वय साठीच्या पुढं, दोन्ही गुडघे सुजलेले. डोंगर उतरून, होडीनं पाणी ओलांडून, मग पुन्हा अर्धा तास चालून ती खिडकीशी पोचली तेव्हा जयवंतराव म्हणाले, "आजी, दुखण्याच्या गोळ्या संपल्यात. पुढच्या महिन्यात या."

"पुडच्या म्हयन्यात बी गुडघं दुखत्यालच, त्याची काळजी न्हाई," गोजराबाई म्हणाली. "आज दुखत्यात त्येचं काय?"

"आज नाहीत, आजी. मी तरी कुठून देऊ?"

"मग त्या वहीत तरी लिवा, म्हातारी आल्ती म्हनून."

"औषध दिलं की नाव लिहायचं असतं. दिलंच नाही तर काय लिहू?"

"म्हंजी मी आलेच न्हाई?"

जयवंतराव भूगावचे, स्वभावानं भले गृहस्थ. त्यांनी मान खाली घातली आणि पुढच्या माणसाला हाक मारली. गोजराबाई पायरीवर येऊन बसली. चांगुणानं मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम केली आणि तिचे गुडघे शेकून दिले. शेकता शेकता म्हातारीनं विचारलं, "तू तरी बघितलीस न्हवं मला?"

"बघितली की आजी."

"मग झालं तर," म्हणाली आणि काठी टेकत होडीकडं निघाली.

त्या संध्याकाळी चांगुणानं थोरल्या मुलीची मागच्या इयत्तेची वही काढली. गणिताची वही होती, निम्मी कोरी. उलट्या बाजूनं तिनं रेघा मारल्या. पहिल्या ओळीत तारीख घातली आणि लिहिलं, "गोजराबाई. वरची वाडी. दोन्ही गुडघ्यांत ठणका. गोळी मिळाली नाही. घरी पोचायला तीन तास." पोचायला किती वेळ लागणार हे का लिहिलं ते तिलाही सांगता आलं नसतं. ज्ञानदेवानं विचारलं, "काय लिवतीस?"

"दवाखान्यातनं मोकळ्या हातानं परत गेलेल्यांची नावं."

"कुनी सांगितलं?"

"कुनी न्हाई."

"मग माजं बी लिही. गेल्या सोमवारी मला बी न्हाई मिळाली." तिनं दुसरं नाव नवऱ्याचं घातलं.

मग तो नेमच झाला. खिडकीतून मान हलवत माणूस मागं फिरला की चांगुणा झाडू भिंतीला टेकवायची, पदराला हात पुसायची आणि वही घेऊन त्याच्याजवळ जाऊन बसायची. काय दुखतं एवढंच विचारून ती थांबत नसे. कसं दुखतं तेही विचारायची. जयवंतरावांच्या रजिस्टरात सगळ्यांचीच 'अंगदुखी' असे. चांगुणाच्या वहीत मात्र कुणाच्या दाढेत ठणका होता, कुणाच्या पाठीत चमक, कुणाच्या पोटात कळ, कुणाच्या बोटाला ठुसठुस, कुणाच्या पायाला रग. माणूस जो शब्द बोलेल तो ती तसाच उतरवायची. एका बाईनं सांगितलं, "डोक्यात कुनीतरी भात कांडतंय," तर तेवढं सगळं तिनं लिहिलं.

लोकांना हे फार आवडलं. गोळी मिळाली नाही तरी कुणीतरी शेजारी बसून, नीट विचारून लिहून घेतंय, एवढ्यानंही काहींचं तोंड उजळायचं. आबा पासलकर नावाचे एक म्हातारे तर दर मंगळवारी येऊ लागले. एकदा त्यांना गोळी मिळाली, तरी वहीसमोर येऊन बसले.

"आबा, तुमाला मिळाली न्हवं? मग तुमचं नाव हितं येत न्हाई."

"आगं, पर ती कडू हाय."

"कडू असल्याचा रकाना न्हाई माज्याकडं."

आबा म्हणाले, "मग काड की," आणि तो काढेपर्यंत उठेनात.

जयवंतरावांनी पहिले काही दिवस वहीकडं कानाडोळा केला. मग एकदा जरा चिडूनच म्हणाले, "चांगुणाबाई, हे काय चालवलंय? कुणी बघितलं तर म्हणेल, मी लोकांना औषध देत नाही म्हणून तुम्ही माझ्यावर पाळत ठेवलीय."

"तुमचं नाव कुटंच न्हाई, भाऊसाहेब. बघा की."

त्यांनी वही चाळली. खरंच त्यांचं नाव कुठं नव्हतं. पण दुसरंच काहीतरी त्यांना दिसलं, आणि ते पुन्हा पहिल्या पानापासून वाचत बसले.

गोष्ट अशी होती. दुखण्यावरच्या एपीसीच्या हजार गोळ्यांचा एक डबा तीन महिन्यांतून एकदा वरून येई. तो पाच-सहा आठवड्यांत संपे. पुढच्या तिमाहीची मागणी करताना जयवंतराव मागच्या तिमाहीत किती गोळ्या दिल्या तो आकडा भरत. हजार आल्या होत्या म्हणून हजारच गेल्या होत्या, आणि म्हणून पुन्हा हजारच मागितल्या जात. महिन्याच्या तक्त्यात तर पहिल्या महिन्यापुढं सातशे, दुसऱ्यापुढं तीनशे आणि तिसऱ्यापुढं शून्य.

"भाऊसाहेब," चांगुणानं विचारलं, "तिसऱ्या म्हयन्यात आंबेटाकातली दुखनी रजेवर जात्यात व्हय?"

जयवंतरावांना हसू आवरेना. मग ते गंभीर झाले. शून्य लिहिलेल्या महिन्यात वहीत एकशे बारा नावं होती.

"हे वर कळवायला पाहिजे," ते म्हणाले. "पण काय म्हणून कळवू? आयाबाईंच्या वहीत लिहिलंय म्हणून?"

त्या वेळी दवाखान्याला डॉक्टरही नव्हते. आधीचे बदलून गेले होते आणि नवे यायचे होते. त्यामुळं पत्रावर सही कुणाची, हाही प्रश्न होता. जयवंतरावांनी मागणीत हजाराच्या जागी दोन हजार लिहून पाहिलं. आल्या हजारच.

तोवर निदान एवढं तरी करायचं चांगुणानं ठरवलं, की नसलेल्या गोळीसाठी माणसानं डोंगर उतरू नये. तिनं कोंडाजीला विचारलं. कोंडाजी तेव्हा पन्नाशीचा होता, उंच, काळासावळा, गालात कायम तंबाखूची गोळी. वल्हवताना त्याचं तोंड वल्ह्याहून जास्त चालायचं.

"सोपं हाय," तो म्हणाला. "गोळ्या असल्या की मला सांगत जा. होडीच्या काठीला पांढरं फडकं बांधतो. वरनं वाड्यांतनं समदं पानी दिसतं. फडकं दिसलं तर या, न्हाईतर घरी शेकत बसा."

ही युक्ती महिनाभर छान चालली. मग एका सकाळी गोळ्या संपलेल्या असताना पलीकडच्या काठावर एकोणीस माणसं येऊन उभी राहिली. कोंडाजी थक्क झाला. त्याच्या बायकोनं, लीलाबाईनं, त्याचं धुतलेलं धोतर होडीच्या काठीला वाळत घातलं होतं. एकोणीसच्या एकोणीस माणसं दवाखान्यात आली, कारण एवढं उतरून आलोच आहोत तर चांगुणाला भेटून जाऊ असं त्यांनी ठरवलं. तिनं एकोणीस नावं लिहिली आणि पुढं कारण घातलं, "कोंडाजीचं धोतर वाळत होतं." त्या दिवसापासून फडकं पिवळं झालं. लीलाबाईनं मात्र सगळ्यांना बजावलं की धोतर पिवळं पडेपर्यंत मी धुतच नाही असं कुणी म्हणायचं नाही.

१९८० च्या मार्चमध्ये पाहणीसाठी पुण्याहून साहेब आले. वाल्मीक देशमाने त्यांचं नाव. जीपमधून उतरले ते एक हात गालाला लावूनच. जयवंतरावांनी रजिस्टरं मांडून ठेवली होती, चांगुणानं पडवी दोनदा झाडली होती. साहेबांनी कशाकडं बघितलं नाही. "आधी एक दुखण्याची गोळी द्या," ते म्हणाले. "पौडपासून दाढ अशी धरलीय, की रस्त्यातला एकेक खड्डा मोजत आलोय."

जयवंतरावांचा चेहरा उतरला. "साहेब, गोळ्या संपल्यात."

"एकसुद्धा नाही?"

"नाही, साहेब. फेब्रुवारीतच संपल्या."

साहेब बाकड्याच्या कडेला अर्धवट टेकून बसले. चांगुणानं ते बसणं बघितलं, झाडू भिंतीला टेकवला, वही घेतली आणि त्यांच्याजवळ गेली.

"साहेब, नाव सांगा."

"कशाला?"

"लिवायचंय. गोळी मिळाली न्हाई न्हवं तुमाला?"

जयवंतराव मागून हातानं खुणा करत होते, पण तिचं लक्ष नव्हतं. साहेबांनी बहुधा दुखण्याच्या भरात नाव सांगितलं.

"गाव पुनं. कसं दुखतंय? ठणका हाय का कळ येतीया?"

साहेबांनी क्षणभर विचार केला. एवढं नेमकं त्यांना कुणी विचारलं नव्हतं. "ठणका," ते म्हणाले. "आणि मधूनच कानापर्यंत सणक जाते."

"सणक," चांगुणानं लिहिलं. "घरी पोचायला किती येळ?"

"दोन तास. अहो पण हे आहे काय?"

तिनं वही त्यांच्या हातात दिली. लवंग आणून दाढेखाली धरायला दिली, ती त्यांनी मुकाट्यानं धरली आणि वाचायला लागले. धोतराच्या पानावर त्यांना हसू फुटलं, त्याबरोबर दाढेतून सणक गेली, आणि ते एकाच वेळी हसत आणि कळवळत राहिले. पण पान उलटायचे थांबले नाहीत. पाऊण तास ते तिथंच बसून होते. मग त्यांनी जयवंतरावांचा तक्ता मागवला आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवले.

"ही वही मी पुण्याला नेतो," ते म्हणाले.

"वही न्यायची न्हाई, साहेब," चांगुणा म्हणाली. "उद्या आलेल्यांची नावं कशावर लिवू? हितं बसून उतरून घ्या. भाऊसाहेब सांगतील, तुमी लिवा."

जयवंतरावांनी डोळे मिटून घेतले. पण साहेबांनी खरंच कागद मागवला. जयवंतराव वाचत गेले आणि साहेब गाल धरून लिहीत गेले. निघताना त्यांनी चांगुणाला विचारलं, "हे तुम्हाला कुणी सुचवलं?"

"वरच्या वाडीच्या गोजराबाईनं. त्या म्हनल्या, मी आले आनि मी आलेच न्हाई, असं कसं?"

पुढच्या तिमाहीला एपीसीचे तीन डबे आले. त्यांच्याबरोबर सायक्लोस्टाइल केलेला एक नवा तक्ताही आला. त्यात खालच्या बाजूला एक ओळ होती, 'औषध शिल्लक नसल्याने परत गेलेले रुग्ण'. जयवंतरावांनी तो कागद चांगुणाला वाचून दाखवला. तिनं दोनदा वाचायला लावला. "येवढी मोटी वही, आन ह्यांनी एका वळीत बशिवली," एवढंच ती म्हणाली. पण त्या दिवशी तिच्या हसण्याबद्दल जयवंतरावांनी काही तक्रार केली नाही.

त्या वर्षी तिसऱ्या महिन्यातही गोळ्या होत्या. वहीत दिवसाला एखादंच नाव येई, कधी तेही नाही.

१९८३ मध्ये दवाखान्याला नव्या डॉक्टरबाई मिळाल्या. चंद्रकला बोराडे, वय सत्तावीस. कामाला चोख, बोलायला कमी. त्यांनी वही पाहिली आणि चांगुणाला नवी जाड पुठ्ठ्याची वही आणून दिली. आणि त्याच्या पुढच्या वर्षी कोंडाजी आजारी पडला.

तंबाखूच्या बाजूच्या गालात जखम झाली होती ती भरेना. पुण्याला मोठ्या रुग्णालयात नेलं, तिथं किरणांचे शेक दिले, आणि काही महिन्यांनी त्यांनी लीलाबाईला सांगितलं की आता घरी न्या, आमच्याकडचे उपाय संपले. कोंडाजी घरी आला. होडी आता लीलाबाई वल्हवायला लागली. एका सकाळी ती एकटीच पाणी ओलांडून दवाखान्यात आली आणि खिडकीवरून गोळ्या घेऊन गेली. दोन दिवसांनी पुन्हा आली. मग रोजच.

चांगुणानं विचारलं, "मामी, गोळ्या तर नेताय. उतार पडतोय का?"

लीलाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. "कुटला उतार? चार-चार घेत्यात, तरी भितीवर डोकं घासत्यात. बोलत न्हाईत काय. माजा नवरा कधी गप बसला व्हता का?"

त्या दिवशी चांगुणा बराच वेळ वही उघडून बसली. कोंडाजीचं नाव तिच्या वहीत बसत नव्हतं. त्याला गोळी मिळाली होती. तो मोकळ्या हातानं परत गेला नव्हता. तरी दुखणं जिथल्या तिथं होतं. शेवटी तिनं पट्टी घेऊन आणखी एक उभी रेघ मारली आणि वर लिहिलं, 'दुखणं गेलं का?' कोंडाजीच्या नावापुढं तिनं 'नाही' असं लिहिलं आणि वही डॉक्टरबाईंच्या टेबलावर ठेवली.

डॉक्टरबाईंनी वाचलं. "चांगुणाबाई, या दुखण्याला त्या गोळ्या पुरत नाहीत."

"मग कशानं पुरंल? कुलुपाच्या कपाटात काय हाय?"

कुलुपाच्या कपाटात कुटुंबनियोजनाच्या शिबिरांसाठी ठेवलेली पेथिडीनची, जबर कळा थांबवणारी इंजेक्शनं होती. एकेका कुपीचा हिशेब द्यावा लागे, रिकामी कुपीसुद्धा दाखवावी लागे. नशेची औषधं म्हणून त्यांना सगळेच भ्यायचे. डॉक्टरबाई म्हणाल्या, "ती ऑपरेशनसाठी आहेत. शिवाय लोक म्हणतात, त्याची सवय लागते."

चांगुणा शांतपणे म्हणाली, "डाक्टरबाई, त्यांच्याकडं सवय लागायला तरी येळ कुटं हाय?"

त्याच दिवशी दुपारी दोघी होडीत बसल्या आणि लीलाबाईनं वल्हवत त्यांना पलीकडं नेलं. डॉक्टरबाईंनी कोंडाजीला तपासलं आणि परत येताना त्याला होडीतून बरोबरच आणलं. दवाखान्याच्या मागच्या खोलीत खाट टाकली. पहिलं इंजेक्शन दिल्यावर अर्ध्या तासानं चांगुणा रिकामी कुपी डबीत ठेवत होती, तेव्हा खाटेवरून आवाज आला, जड, पण ओळखीचा.

"चांगुना."

"काय मामा?"

"दुखनं हाय अजून. पर लांब जाऊन बसलंय. त्या तितं, बाकड्यावर."

"बसू द्या. त्याला नंबर देते," चांगुणा म्हणाली, आणि कोंडाजी कित्येक आठवड्यांनी हसला. दारात उभी असलेली लीलाबाई पदर तोंडाला लावून रडायला लागली, तर तो तिला म्हणाला, "रडतीस काय? होडीत पानी शिरलंय का?"

कपाटातल्या कुप्या फार दिवस पुरणार नव्हत्या. डॉक्टरबाई पुण्याला गेल्या. ज्या रुग्णालयात त्या शिकल्या होत्या तिथल्या सरांपुढं त्यांनी चांगुणाच्या वहीतलं ते पान ठेवलं. मॉर्फिनचं पातळ औषध तिथं बनवत असत, तोंडानं घ्यायचं. त्यासाठी दोन अर्ज, तीन सह्या आणि चार हेलपाटे झाले. चौथ्या हेलपाट्याला त्या तपकिरी बाटली घेऊन आल्या. किती आणि कधी द्यायचं ते त्यांनी लीलाबाईला समोर बसवून शिकवलं. दुसऱ्या दिवशी कोंडाजी आपल्या होडीतून आपल्या घरी गेला.

तिथं तो आणखी सात आठवडे होता. पेज घेई, दारात घोंगडीवर पडून पाण्याकडं बघे, आणि लीलाबाईला वल्हवायला येत नाही असं रोज सांगे. चांगुणा आठवड्यातून दोनदा जायची. नव्या रकान्यात आता 'थोडं' लिहिलेलं असे, कधी 'गेलं', आणि एका दिवशी तिनं लिहिलं, 'गेलं. दोन तास बडबडले.' भात कापणीला आलं त्या सुमारास, एका सकाळी पेज पिऊन झाल्यावर, कोंडाजी शांतपणे गेला. त्याच्या दहाव्याला सगळ्या वाड्यांतली माणसं आली होती. बाटलीत उरलेलं औषध लीलाबाईनं थेंबही न सांडता परत आणून दिलं. पुढं होडी तिनंच चालवली. तिला वल्हवायला चांगलं येत होतं.

दोन वर्षांत अशा औषधांचे कायदे आणखी कडक झाले आणि कागद वाढले. डॉक्टरबाई ते कागद दर वेळी भरत राहिल्या. कुणी विचारलं की एवढ्याशा गावाला हे औषध कशाला हवं, तर त्या वहीतली पानं उतरवून जोडायच्या. कधी औषध मिळालं, कधी नाही मिळालं. नाही मिळालं त्याचीही नोंद चांगुणाकडं होती.

१९८८ साली पुण्यात परिचारिकांचं तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं. डॉक्टरबाईंनी हट्टानं चांगुणाचं नाव घातलं. एवढ्या पांढऱ्या साड्यांत ती एकटीच नऊवारीत होती. दुसऱ्या दिवशी तिला बोलायला उभं केलं. भाषण कसं करतात ते तिला ठाऊक नव्हतं. तिनं समोरच्या चाळीस जणींकडं बघितलं आणि विचारलं, "तुमच्या दवाखान्यातनं काल किती मानसं परत गेली?"

तिनं पुन्हा विचारलं, जरा हळू. मागच्या बाकावरची एक तरुण नर्स उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, आम्ही ते लिहीत नाही."

"आमी बी लिवत न्हवतो," चांगुणा म्हणाली आणि खाली बसली. भाषण तेवढंच झालं.

जेवणाच्या सुट्टीत मात्र तिला जेवू दिलं नाही. आठ-दहा जणी वह्या घेऊन भोवती जमल्या. कुणी म्हणाली, आमच्याकडं बाळंतपणानंतर द्यायला गोळीच नसते, ते कुठं लिहायचं? कुणी विचारलं, भाजलेल्या माणसाचं दुखणं कसं लिहायचं? चांगुणा एकीची पट्टी घेऊन रेघा मारायला बसली. तारीख, नाव, गाव, कसं दुखतं, मिळालं का, गेलं का. सहाव्या वहीपर्यंत तिची जिलेबी गार झाली. सातवीला तिनं सांगितलं, "बाई, तुमी माज्या वहीवरनं मारा आता, मी खाते." जिलेबी खाता खाता तिला आबा पासलकर आणि त्यांची कडू गोळी आठवली, आणि ती इतक्या मोठ्यानं हसली की व्यवस्थापक दारातून डोकावले. त्यांना वाटलं, कुणाला काही लागलं.

"न्हाई वो," चांगुणा म्हणाली, "एक रकाना विसरले व्हते," आणि पट्टीसाठी हात पुढं केला.